राजवाडा, रस्ता आणि रयत : नव्या दिल्लीवरून एक अभ्यासपाठ

शलमोन राजानें देवाचें मंदिर सात वर्षांत पुरें केलें व स्वतःचें घर बांधण्यास तेरा वर्षें लाविलीं, असें राजांच्या पहिल्या पुस्तकांत लिहिलें आहे. लबानोनांत लाकडें तोडण्याकरितां तीस हजार लोकांची वेठ बसविली होती, हेंहि तेथेंच लिहिलें आहे. हे आंकडे आपण वाचतों आणि पुढें जातों. परंतु शलमोनामागून रहबाम गादीवर आला तेव्हां लोकांनीं पहिलें गाऱ्हाणें मांडलें तें या जड जोखडाचेंच होतें; आणि वेठीवरच्या अधिकाऱ्यास त्यांनीं दगडमार करून ठार केलें. राजाच्या घराची शोभा ज्यांनीं खांद्यावरून वाहून आणिली होती, ते तिचा भार विसरले नव्हते.

घर बांधावयाचें तें ऊन-पाऊस चुकविण्यासाठीं, हें खरें. तथापि राज्यकर्ता जेव्हां बांधूं लागतो तेव्हां निवाऱ्याबरोबर आणखी एक काम तो भिंतींकडून करवून घेतो. आपण कोण आहों व प्रजेनें आपल्यापासून किती अंतरावर उभें राहावें, हें तो त्यांच्याकडून बोलवितो. ही भाषा ज्यास अक्षर येत नाहीं त्यासहि कळते. म्हणूनच ती शिकून घेणें अगत्याचें आहे. या पाठांत आपण एकच उदाहरण घेऊं, व तें आपल्याच देशाच्या राजधानीचें घेऊं.

१. राजधानी दिल्लीस कां नेली

१९११ सालापर्यंत इंग्रज सरकारची हिंदुस्थानांतील राजधानी कलकत्ता ही होती. १९०५ सालीं लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत बंगालची फाळणी झाली, आणि तेव्हांपासून तें शहर सरकारविरुद्ध चळवळीचें मोठें ठाणें बनलें. पुढें १२ डिसेंबर १९११ रोजीं दिल्लीच्या दरबारांत बादशहा पांचवे जॉर्ज यांनीं दोन गोष्टी एकदम जाहीर केल्या. फाळणी रद्द झाली, ही एक. आणि राजधानी दिल्लीस जाईल, ही दुसरी. तीनच दिवसांनीं, १५ डिसेंबर रोजीं, दरबाराच्या मैदानाजवळ नव्या शहराच्या पायाचे दगड बसविण्यांत आले.

या प्रवासांत बादशहा प्रथम २ डिसेंबर रोजीं मुंबईस अपोलो बंदरावर उतरले होते. तेथील गेटवे ऑफ इंडिया ही कमान याच आगमनाच्या स्मरणार्थ बांधली. पण पुरी कमान उभी राहिली ती १९२४ सालीं. बादशहांच्या स्वागतास त्या दिवशीं उभी होती ती केवळ तात्पुरती रचना. मुंबईचा पिवळा दगड आणि दिल्लीचा तांबडा दगड हीं अशीं एकाच यात्रेचीं स्मारकें होत.

आतां दिल्लीच कां? देशाच्या मध्याजवळ असणें हें एक कारण होतें. पण त्याहून मोठें कारण त्या नांवांत होतें. शहाजहान बादशहानें १६३९ ते १६४८ या काळांत तेथें लाल किल्ला बांधिला. त्याच्या दिवाण-इ-आममध्यें बादशहा उंच संगमरवरी आसनावर बसे, व खालीं दाटीनें उभ्या असलेल्या प्रजेस मान वर करूनच त्याच्याकडे पाहावें लागे. १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनीं या किल्ल्यांतील पुष्कळ महाल पाडून तेथें शिपायांच्या बराकी उठविल्या. मोगल राज्य संपलें ही गोष्ट जाहीरनाम्यानें वाचणारांस कळली. महालाच्या जागीं बराक पाहून ती गाडीवानासहि कळली. त्याच दिल्लीचा जुना मान आतां आपल्या राज्यास जोडून घ्यावा, असा इंग्रज सरकारचा विचार होता.

२. जमीन कोणाची

नव्या शहराची आंखणी करण्यास १९१२ सालीं तज्ज्ञांची एक समिति आली. दरबाराजवळची उत्तरेकडील जागा तिला पसंत पडली नाहीं. दक्षिणेस रायसीना नांवाची टेकडी होती, ती मुख्य वाड्यासाठीं ठरली. आणि बादशहांच्या हातचे ते पायाचे दगडहि पुढें नव्या जागीं आणण्यांत आले.

परंतु ती जागा मोकळी नव्हती. तेथें रायसीना, मालचा इत्यादि गांवें होतीं. गांवांस शेतें होतीं. ही जमीन सरकारनें १८९४ च्या जमीन-संपादनाच्या कायद्यान्वयें घेतली. सार्वजनिक कामासाठीं म्हणून मोबदला देऊन जमीन घेण्याचा अधिकार या कायद्यानें सरकारास दिला होता. राज्य बदलल्यावरहि हा कायदा बदलला नाहीं; १ जानेवारी २०१४ रोजीं दुसरा कायदा अमलांत येईपर्यंत तो चालू राहिला. ज्यांचीं शेतें धरणाखालीं किंवा कारखान्याखालीं गेलीं अशा आपल्याकडील पुष्कळ शेतकऱ्यांस त्याची ओळख निराळी करून देण्याचें कारण नाहीं.

आज रायसीना हें नांव देशभर ठाऊक आहे. टेकडीस तें नांव राहिलें. ज्या गांवाचें तें नांव होतें, तें गांव मात्र राहिलें नाहीं.

३. उंची, अंतर व सरळ रेघ

व्हाइसरॉयचा वाडा बांधण्याचें काम एडविन लट्येन्स या शिल्पज्ञाकडे आलें, आणि सरकारी कचेऱ्यांच्या दोन प्रचंड इमारती हर्बर्ट बेकर यांनीं बांधिल्या. बेकर यांनीं त्यापूर्वीं दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरिया येथें सरकारी कचेऱ्या बांधल्या होत्या. म्हणजे साम्राज्याचें घर कसें दिसावें याची त्यांस संवय होती. वाड्यास १९२९ सालीं पहिले रहिवासी मिळाले, ते लॉर्ड अर्विन. चार मजले, ३४० खोल्या, सुमारें ३३० एकरांचें आवार. सत्तर कोटि विटा व तीस लक्ष घनफूट दगड त्यांत खपला. विटा वाहणाऱ्या बायकापुरुषांचे व दगड घडविणाऱ्या कारागिरांचे हात हजारों होते. पण दर्शनी भागीं स्मरणांत राहिलीं तीं नांवें दोन-चार.

या शहरांत सत्ता तीन साधनांनीं बोलते. पहिलें साधन उंची. वाडा टेकडीवर आहे. त्याकडे जाणारास चढावें लागतें, व आंतल्यास खालीं पाहण्यास मिळतें. दुसरें साधन सरळ रेघ. वाड्याच्या मधल्या दारापासून एक रुंद रस्ता सुमारें दोन मैल नीट पूर्वेस गेला आहे, आणि त्याच्या शेवटीं ४२ मीटर उंचीची युद्धस्मारकाची कमान आहे. पहिल्या महायुद्धांत व वायव्य सरहद्दीवर पडलेल्या तेरा हजारांवर शिपायांचीं व अधिकाऱ्यांचीं नांवें तिच्यावर कोरलीं आहेत. एवढ्या लांबवरून ज्याचें घर समोर दिसत राहतें, त्याच्याकडे चालत जाणारा मनुष्य पावलागणिक लहान होत जातो.

तिसरें साधन अंतर. कोणाचें घर वाड्यापासून किती दूर, हें हुद्द्यावरून ठरलें. वरच्या अंमलदारांस मोठीं आवारें व बंगले जवळ. कारकुनांच्या चाळी दूर. आणि शिपाई-झाडूवाले त्याहून दूर. संस्थानिकांस जागा दिली ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, कमानीभोंवतीं. हैदराबादच्या निजामांचा व बडोद्याच्या गायकवाडांचा असे दोन्ही वाडे तेथें लट्येन्स यांनींच बांधले. वाडे थाटाचे होते, यांत शंका नाहीं. पण टेकडीपासून दूर ते बसविले होते, आणि टेकडीवर कोण आहे हें त्यांच्या धन्यांस रोज दिसत होतें.

येथें एक बोधप्रद भांडणहि झालें. बेकर यांनीं आपल्या कचेऱ्या टेकडीच्या माथ्यावर, वाड्याच्याच पातळीवर आणिल्या. त्यासाठीं वाडा मागें सरकला. मग खालील चौकांतून चढ चढूं लागतांच तो वाडा चढणीच्या आड जाऊन केवळ घुमट दिसूं लागला. लट्येन्स यांनीं चढण कमी करण्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली, ती फुकट गेली. ज्या वाड्यानें सर्वांस दिसावें म्हणून एवढा खर्च झाला, तो जवळ येणारासच दिसेना. मोठेपणासाठीं केलेल्या आंखणीला मोठेपणाच्याच चढाओढीनें खोट आली.

४. परक्या धन्याच्या घरावर ओळखीचीं चिन्हें

लट्येन्स यांस हिंदी शिल्पाविषयीं फारसा आदर नव्हता. परंतु व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनीं आग्रह धरला कीं, नव्या राजधानींत हिंदी वळण दिसलेंच पाहिजे. यांत कलाप्रेम होतें तसें राजकारणहि होतें. म्हणून त्या युरोपीय घाटाच्या वाड्यास रुंद छज्जे आले, छत्र्या आल्या, जाळ्या आल्या, दगडी हत्ती आले. घुमटाखालीं सांचीच्या स्तूपाच्या कठड्यासारखा कठडा आला. दगडहि देशांतलाच, तांबडा व पिवळसर. राज्य परकें असलें तरी घर परकें दिसूं नये, असा हा बेत होता.

वाड्याच्या खांबांच्या शिरोभागीं कोपऱ्यांवर दगडी घंटा कोरल्या आहेत. राज्य जाण्याची वेळ आली कीं घंटा वाजतात, अशी एक समजूत होती, आणि दगडी घंटा कधींच वाजणार नाहींत म्हणून त्या तेथें बसविल्या, असें सांगतात. दिल्लींत जो नवें शहर वसवितो तो तें गमावतो, असेंहि लोक म्हणत. व्हाइसरॉय त्या वाड्यांत १९२९ पासून १९४७ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षें राहिले. घंटा वाजल्या नाहींत, राज्य गेलें.

कचेरीच्या एका इमारतीवर बेकर यांनीं इंग्रजींत एक लेख कोरविला. स्वातंत्र्य लोकांकडे आपोआप उतरत नाहीं, लोकांनीं त्याच्या योग्यतेस चढावें, तें आधीं मिळवावें व मग भोगावें, असा त्याचा आशय आहे. वाक्य खरें आहे. परंतु घराचा मालक घराबाहेर ठेवून त्यास योग्यतेचा उपदेश करणें किती शोभतें, हें ज्याचें त्यानें पाहावें.

५. वाटोळें घर एका बाजूस

मूळ आराखड्यांत लोकप्रतिनिधींच्या सभेस निराळी इमारतच नव्हती; कायदेमंडळानें वाड्यांतीलच एका दालनांत बसावें असें योजिलें होतें. १९१९ च्या सुधारणांनीं सभासद वाढले, तेव्हां वेगळ्या घराची गरज पडली. १२ फेब्रुवारी १९२१ रोजीं त्याचा पाया घातला गेला व १८ जानेवारी १९२७ रोजीं लॉर्ड अर्विन यांनीं तें उघडलें. १४४ खांबांचें हें वाटोळें घर सुंदर आहे. परंतु तें मुख्य रेघेवर नाहीं. राजमार्ग त्याच्यावरून जात नाहीं. तें एका कडेला आहे. आराखड्यावर नुसती नजर टाकली तरी त्या काळीं लोकमताची किंमत काय होती हें कळून येतें. मागाहून आलेल्यास पंक्तीच्या टोकास पाट मांडावा, तसें तें मांडलें आहे.

देवाच्या घरासहि अशीच जागा मिळाली. हेन्री मेड यांनीं बांधलेल्या अँग्लिकन मंदिराचा पाया १९२७ सालीं घातला गेला व १९३१ सालीं त्याची प्रतिष्ठा झाली. राज्यकर्त्यांच्या वाड्याजवळ, त्यांस सोयीचें पडेल असें तें उभें राहिलें. सत्तेच्या आश्रयानें उभारलेल्या मंदिरास सत्तेच्या सोयीची जागा मिळते, ही गोष्ट मंडळीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु कडेचें घर कायम कडेचें राहिलें नाहीं. फेब्रुवारी १९३१ मध्यें नव्या राजधानीचें उद्घाटन मोठ्या समारंभानें झालें. आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस महात्मा गांधी पंचा व शाल अशा वेषांत त्या वाड्याच्या पायऱ्या चढून लॉर्ड अर्विन यांच्याशीं बोलणें करण्यास गेले. ज्या पायऱ्या माणसास लहान करण्यासाठीं बांधल्या होत्या, त्या त्यांस लहान करूं शकल्या नाहींत. विलायतेंत चर्चिल साहेबांस जो संताप आला तो याच दृश्याचा.

पुढें ९ डिसेंबर १९४६ रोजीं त्या वाटोळ्या घरांत घटनासमितीची पहिली बैठक झाली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं तेथें राज्यघटनेचा मसुदा मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, व २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं ती घटना मंजूर झाली. ज्या समाजाचें घर गांवाच्या वेशीबाहेर असावें असें शेंकडों वर्षांच्या गांवरचनेनें ठरविलें होतें, त्या समाजांत जन्मलेल्या पुरुषानें देशाचा कायदा देशापुढें ठेविला, आणि तोहि राजमार्गाच्या कडेला ठेवलेल्या घरांत. शिल्पज्ञाच्या कागदावर हें कोठेंच नव्हतें.

६. घर तेंच, धनी निराळे

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं स्वतंत्र हिंदुस्थानच्या मंत्र्यांनीं वाड्याच्या दरबार हॉलमध्यें शपथ घेतली, आणि २६ जानेवारी १९५० रोजीं तेथेंच डॉ. राजेंद्रप्रसाद पहिले राष्ट्रपति झाले. मुंबईच्या बंदरांत बादशहांच्या आगमनासाठीं उभारलेल्या कमानींतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं इंग्रजांची शेवटची पलटण बाहेर पडली. वाड्याचें रुग्णालय करावें, अशी गांधीजींची सूचना होती. ती अमलांत आली नाहीं. राजगोपालाचारी गव्हर्नर-जनरल म्हणून १९४८ सालीं तेथें आले, तेव्हां व्हाइसरॉयच्या भव्य शयनगृहांत न राहतां त्यांनीं थोड्या साध्या खोल्या आपल्यासाठीं निवडल्या. राष्ट्रपतींचें खासगी बिऱ्हाड त्या भागांत राहण्याची रीत त्यामुळें पडली.

राज्य बदललें म्हणजे दगडांची नांवें बदलतात. किंग्जवेचा राजपथ झाला, व २०२२ सालीं राजपथाचा कर्तव्यपथ झाला. कमानीमागील छत्रीखालीं १९३६ सालीं पांचवे जॉर्ज यांचा पुतळा बसविला होता, तो १९६८ सालीं हलविला. जागा कित्येक वर्षें रिकामी होती, आणि २०२२ सालीं तेथें नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा पुतळा आला. संसदेसाठीं नवी त्रिकोणी इमारत २८ मे २०२३ रोजीं उघडली. तींत लोकसभेच्या ८८८ सभासदांची सोय आहे. जुनें वाटोळें घर संविधान सदन झालें. जुनी जागा अपुरी पडत होती, म्हणून नवी पाहिजेच, असें एक पक्ष म्हणे. महामारीच्या दिवसांत हा खर्च नको होता, असें दुसरा पक्ष म्हणे. हा वाद येथें निवडावयाचा नाहीं. प्रत्येक राज्यकर्ता, मग तो परका असो कीं आपण निवडून दिलेला असो, दगडांत आपली सही करूं पाहतो, एवढें ध्यानांत धरिलें म्हणजे पुरे. सही वाचतां येणें हें नागरिकाचें काम आहे.

७. आपल्या गांवापुरतें

दिल्ली दूर आहे, असें कोणी म्हणेल. परंतु हुद्द्याप्रमाणें अंतर, ही युक्ति लट्येन्स यांनीं आपल्याकडे प्रथम आणिली असें नाहीं. पूर्वापार आपल्या गांवांत उंचवट्यावर पाटलाचा वाडा, मध्यें चावडी, त्याभोंवतीं मानकऱ्यांचीं घरें, मग वेस, आणि वेशीबाहेर महारवाडा व मांगवाडा. पाणी कोठून भरावयाचें व वाट कोठून काढावयाची, हें सर्व गांवच्या आंखणींतच लिहिलें होतें. कोणी मोठ्यानें आज्ञा करण्याची गरज नव्हती. घराची जागाच आज्ञा करी. कायद्यानें तो भेद मोडला आहे. परंतु घरें बहुधा जेथल्या तेथें राहतात, आणि कायद्यापेक्षां घरांची जागा अधिक काळ टिकते.

हाच डोळा आपण आपल्या मंदिराकडे वळविला पाहिजे. मंदिर बांधावयास निघालेल्या मंडळींत उंची किती व फरशी कोणती याची चर्चा पुष्कळ होते. पुढल्या बांकावर कोण बसतो, मागें जमिनीवर कोण बसतें, म्हातारीस किती पायऱ्या चढाव्या लागतात, दारावरच्या संगमरवरी पाटीवर कोणाचें नांव आहे व माती वाहणाऱ्यांचें कोठें आहे, ही चर्चा क्वचित् होते. याकोबाच्या पत्रांत सोन्याची अंगठी घातलेल्यास चांगली जागा व गरिबास उभें ठेवणें या दोषाबद्दल मंडळीची कानउघाडणी केली आहे. तो दोष बसण्याच्या जागेचाच होता.

सुंदर इमारत बांधूंच नये, असा या पाठाचा अर्थ नाहीं. दिल्लीचे ते घुमट व ते खांब घडविणाऱ्या कारागिरांची कारागिरी खरी आहे, आणि आज तें सर्व आपलेंच आहे. मात्र एखादी भव्य इमारत पाहून मान वर होईल तेव्हां चार प्रश्न विचारावे : ही कोणी बांधविली? कोणाच्या जमिनीवर व कोणाच्या पैशानें? आंत कोण येऊं शकतें? आणि जे येऊं शकत नाहींत ते कोठें उभे राहतात? ज्या घरास या प्रश्नांचीं उत्तरें उघडपणें देतां येतात, तें लहान असलें तरी मानानें उभें राहतें.

चर्चेसाठीं प्रश्न

१. शलमोनाच्या बांधकामाचा भार कोणावर पडला? रहबामाच्या वेळीं त्याचा परिणाम काय झाला? (१ राजे, अध्याय ५ ते ७ व १२ वाचा.)
२. उंची, सरळ रेघ व अंतर या तीन साधनांपैकीं कोणतीं आपल्या गांवांतील कचेरींत, वाड्यांत किंवा शाळेंत दिसतात?
३. परक्या राज्यकर्त्यानें आपल्या वाड्यावर देशी चिन्हें कां कोरविलीं? असें केल्यानें प्रजेचा लाभ झाला काय?
४. रायसीना गांवाप्रमाणें सार्वजनिक कामासाठीं आपल्या तालुक्यांत कोणतीं गांवें उठलीं? त्या लोकांस पुढें काय मिळालें, याची वडील माणसांकडे चौकशी करून पुढील आठवड्यास सांगा.
५. आपल्या मंदिरांत आंधळा, पांगळा, वृद्ध व नवखा यांस येणें व बसणें सुलभ आहे काय? नसल्यास या वर्षीं कोणती एक गोष्ट बदलतां येईल?